ऑर्व्हिलचा विक्रम

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या आमच्या गावच्या हौशी क्लबचा सुवर्णमहोत्सव होता. म्हाताऱ्या ऑर्व्हिल स्टेंगलला काही केल्या एका जागी बसवत नव्हतं. तो उठून दाराकडे निघायचा, की बायको लॉरेटा त्याला हाताला धरून परत आणायची.

"घरी जाऊ या ना गं. आई वाट बघत असेल."

"जाऊ हं. एवढं ऐकून जाऊ."

अध्यक्ष सांगत होते, "एका मोसमात सगळ्यात जास्त गडी लोळवले ते आपल्या ऑर्व्हिलने! डोकं खाली घालून बैलासारखा धडकायचा. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही!"

सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. ऑर्व्हिल दचकला, मग त्यानेही वाजवल्या.

"कोण गं हा ऑर्व्हिल?"

लॉरेटा काही बोलणार, तेवढ्यात क्लबचा नवा दांडगा खेळाडू डेझमंड पुढे आला. "काका, यंदा तुमचा विक्रम मी मोडणार बघा!"

"मोड की!" ऑर्व्हिल खूश होऊन म्हणाला.

लॉरेटाने डेझमंडचा हात धरला, आणि ती सोडेचना.

"तुझं लग्न झालंय ना रे?"

"हो, याच जूनमध्ये."

"मग नको मोडूस."