पलंगाचं हँडल

आईला उठवून बसवायचं म्हणून नर्सबाई वाकून पलंगाचं हँडल फिरवत होत्या. अर्ध्यावर ते अडलं. त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, तेव्हा कुठे डोक्याकडची बाजू वीतभर वर आली.

"तेल घालून पाहिलंत का?" लेकाने उगाच विचारलं.

"सगळं करून झालं. या वॉर्डातले सगळे पलंग असेच. संध्याकाळपर्यंत खांदा कामातून जातो. ज्याने कुणी हे बनवलं ना, त्याला एक दिवस फिरवायला लावलं पाहिजे."

दोष तेलाचा नव्हता, हे लेकाला पक्कं ठाऊक होतं. खालची दांडी फार आडवी बसवलेली होती. त्यामुळे लावलेला जोर पलंग उचलण्याऐवजी बिजागरीतच जिरत होता. दांडी जरा उभी घ्यायची तर सांगाडा बदलावा लागला असता. "चालतंय की, लावतील थोडा जास्त जोर," असं म्हणून त्यानेच ड्रॉइंगवर सही ठोकली होती.

"द्या, मी फिरवतो," तो पुटपुटला.

"अहो बाई," आई कौतुकाने म्हणाली, "हे पलंग माझ्या या लेकानेच बनवलेत बरं का! कारखान्यात त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही."

त्याला मान वर करवेना. नर्सबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

"हो का आजी?" त्या म्हणाल्या. "फार छान पलंग आहेत हो."