चौदावा प्रश्न

‘गेल्या तीन महिन्यांत दातांमुळे जेवताना त्रास झाला का?’

निशिगंधाने ‘कधीच नाही’वर खूण केली.

नववीच्या वर्गात पंखा आपल्याच तंद्रीत फिरत होता. दातांच्या कॉलेजातून आलेल्या ऋता मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की हाच कागद कितीतरी देशांतली तुमच्या वयाची मुलं भरताहेत. दातांपायी कुणाचं जगणं किती अडतं, ते मोजायचंय. तेव्हापासून निशिगंधाच्या डोळ्यांपुढे एक लांबची मुलगी येऊन बसली होती. बर्फाच्या गावातली. तिचाही पुढचा दात तुटलेला, अगदी असाच, कोपऱ्यात तिरका.

निशिगंधाचा दात दोन महिन्यांपूर्वी तुटला. शाळेच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होती, मागून धक्का बसला. तांदळाच्या कणीएवढा तुकडा गेला. आईने विचारलं, दुखतं का? नाही. खाता येतं का? येतं. मग झालं तर, आई म्हणाली, लग्नाच्या वेळी बघू.

पण त्या कणीएवढ्या फटीतून तिचा सूर गळून गेला होता.

तिचा आजा गोटीराम चाळीस वर्षं गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. टॉवरांच्या मागे दडलेल्या त्यांच्या गावात एकही हळद त्याच्या वाजवण्यावाचून लागली नव्हती. बायका मांडवात धवला हे लग्नाचं गाणं गात, आणि त्यांचा दम संपला की तोच धवला पितळेतून निघे. मग आज्याचे दात पडले. कवळी लावून फुंकायला गेला तर कवळीच बाहेर आली, नि मांडवभर हसू झालं. दुसऱ्या दिवशी त्याने ट्रम्पेट नातीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "मना आता दात नाय. माजे दात तूच."

रविवारी जाईआत्याची हळद होती. ट्रम्पेट निशिगंधाने वाजवायचं होतं, पण ती परीक्षेचं निमित्त सांगून सराव टाळत होती. ओठ लावले की फटीतून वारा निसटे आणि वरचा सूर फाटे. आज्याला सांगायची हिंमत नव्हती. सांगितलं असतं तर त्याचे दात दुसऱ्यांदा पडले असते.

म्हणून ती या कागदाची वाट बघत होती. नुसत्या दातांवर इतके प्रश्न विचारणार म्हणजे त्यात एक तरी नेमका तो असेल.

हसायला लाज वाटते का? कधीच नाही. झोप मोडते का? कधीच नाही. कुणी चिडवतं का? तिने मागे वळून तेजसकडे पाहिलं. तो तिला ‘खिडकी’ म्हणायचा. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, म्हणून ती त्याला ‘फाटक’. फिटंफाट. कधीच नाही.

बाहेर मेट्रो आवाज न करता पुलावरून सरकत गेली. निशिगंधाने तिला धवल्याची चाल दिली. उजव्या हाताची तीन बोटं बाकाच्या कडेवर, ट्रम्पेटच्या तीन कळांवर असावीत तशी, आपोआप दाबली जाऊ लागली. मेट्रो, पलीकडची टेकडी, बर्फातली मुलगी, सगळी त्या चालीत हळूहळू डुलत होती.

तेरावा प्रश्न झाला. त्याच्याखाली पंधरावा होता.

तिने कागद उलटून पाहिला. मागे कोरा. तिने हात वर केला. "मॅडम, तेराच्या खाली डायरेक्ट पंधरा हाय."

वर्ग हसला. ऋता मॅडम जवळ आल्या. तुलना करायची तर प्रश्नांचे आकडे सगळ्या देशांत सारखे ठेवावे लागतात, म्हणून बदलले नाहीत, असं त्यांनी समजावलं. चौदावा इथं लागूच नव्हता. मीटिंगमध्ये त्यावर सगळे हसले आणि तो काढून टाकला.

"काय होता?"

"ट्रम्पेटसारखं वाद्य फुंकताना दातांचा त्रास होतो का," मॅडम म्हणाल्या. "इकडे कोण वाजवतं गं ट्रम्पेट?"

म्हणजे बर्फातल्या त्या मुलीला त्यांनी विचारलं होतं.

निशिगंधाने पेन्सिल उचलली. तेरा आणि पंधराच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिने चौदाचा आकडा घातला, आणि पुढे लिहिलं, ‘रोज’.

मॅडमनी वाकून तो शब्द वाचला. मग त्यांची नजर बाकाच्या कडेवर गेली. पेन्सिल सुटताच तीन बोटं पुन्हा आपल्या कामाला लागली होती. त्यांनी तिची हनुवटी वर करून दात पाहिला. वाजवायचं कधी आहे, विचारलं. रविवारी, ती म्हणाली, आत्याच्या हळदीला.

"उद्या दुपारी कॉलेजात ये. ट्रम्पेट घेऊन," मॅडम म्हणाल्या. "सोबत घरचं मोठं माणूस लागेल. सुराची पारख असलेलं आण. दाताचा कोपरा मी बसवीन, पण नीट बसला का, ते त्यालाच ऐकून सांगावं लागेल."