दुसरा आधार

सुवर्णाच्या निबंधाखाली खोतबाईंचा लाल शेरा होता : 'सगळं आजोबांनीच सांगितलेलं. दुसरा आधार शोध, मग स्पर्धेला पाठवू.' निबंध धरणात बुडालेल्या तिच्या मूळ गावावर होता. ऐकीव माहिती दोन माणसांकडून पडताळून घ्यावी, हे बाई वीस वर्षं प्रत्येक वर्गाला सांगत आल्या होत्या.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. दोन्ही रविवार ती गावच्या म्हाताऱ्यांना शोधत पुनर्वसनाच्या वसाहतींमधून हिंडली होती. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी घरी परतली, तर अंगणात माणसं जमलेली. आजोबा गेले होते.

"सकाळी म्हणाले, आज बस जरा, नदीकडच्या आळीचं सांगायचं राहिलंय," ती खाली बघत बोलली. "मी म्हटलं, बाईंनी दुसरं माणूस शोधायला सांगितलंय."

बाईंनी वही उघडली. 'दुसरा आधार' असं लिहून सुवर्णाने खाली चार नावं ओळीने मांडली होती. चौघांपुढे तेच उत्तर होतं : 'आम्हाला कुठलं आठवतंय, पोरी. तुझ्या आजोबांना विचार.'