आठ बाय आठ

निरोप समारंभ आटोपला. घैसास मॅडम शाल-श्रीफळ घेऊन गणित विभागातल्या आपल्या खोलीत आल्या आणि खुर्चीत मटकन बसल्या. "मॅडमनी हा विषयच संपवला," असं विभागप्रमुख भाषणात म्हणाले होते. खरंच होतं ते. विषम-सममित मॅट्रिक्सच्या, म्हणजे संख्यांच्या एका खास प्रकारच्या चौकोनी तक्त्यांच्या, 'ली बीजगणित' नावाच्या रचनांचे ग्रुपच्या नियमाने कप्पे किती प्रकारे पाडता येतात, याचं वर्गीकरण करण्यात त्यांचा जन्म गेला होता. उद्यापासून काय करणार, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"मॅडम, येऊ?" दारात त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी वृषाली उभी होती, चेहरा पडलेला. "आज बोलू नये, पण तुमचं प्रमेय आठ बाय आठच्या मॅट्रिक्सला चालत नाही."

"काहीतरीच. लहान आकार मी स्वतः पडताळलेत. पुढे सगळीकडे तसंच चालतं."

"आठला नाही चालत, मॅडम. तिथे एक जास्तीची सममिती निघते, इतर कुठल्याच आकाराला नसलेली. तिच्यामुळे नवेच कप्पे पडतात." तिने फळ्यावर मांडून दाखवलं.

मॅडम उठल्या. फळ्यावरची एक ओळ पुसली, स्वतः मांडली, पुन्हा पुसली. उत्तर तेच आलं.

वृषाली रडकुंडीला आली. "सॉरी मॅडम. तुमची इतक्या वर्षांची मेहनत..."

"रडतेस कसली?" मॅडमनी खांद्यावरची शाल काढून टेबलावर टाकली, खडू मात्र हातातच राहिला. "ही खोली उद्या माझी नसेल. तुझ्या टेबलाशी एक खुर्ची लाव. किती वाजता येऊ?"