चौकीवर अर्धा तास

"गाडी बाजूला घ्या." घाटाच्या मध्यावरच्या ब्रेक-तपासणी चौकीवर मॅरिसोलने चाकाजवळ धरलेलं तापमापक उचललं. "ब्रेक चारशे दहा अंश. तीनशेच्या वर गेलं की अर्धा तास थांबायचं. ब्रेक निवू देत."

व्हर्जिल हॅस्केलने काच पुरती खाली केली. भांडायला तेवढीच सोय. "यंत्र बिघडलंय तुझं. एकतीस वर्षं या शिखरावरचा बर्फ मी काढलाय, पोरी. बर्फ ढकलायची गाडी घेऊन, वाऱ्यात."

"मग नियम तुम्हाला माहीतच आहे, आजोबा."

"आजोबा तुझ्या घरी!"

मागे रांग लागली होती. टेक्सासच्या एका गाडीने भोंगा वाजवला. व्हर्जिलने तिलाही एक शिवी हासडली आणि गाडी कडेला लावली. सपाटीवरचे हे लोक उतारावर ब्रेक जाळतात, म्हणून तो जन्मभर त्यांना हसला होता. आज टेक्सासवाला दोन मिनिटांत सुटला. जाताना त्याने हातसुद्धा हलवला.

फोन वाजला. त्याची मुलगी डोना. सकाळीच तिने ठणकावलं होतं, की एकट्याने वर जाऊन धड परत आलात तर गाडी तुमची, नाहीतर उद्यापासून किल्ली माझ्याकडे.

"पोचलात का खाली?"

"डोंगर बघत बसलोय. सारखा फोन करू नकोस, नाहीतर मुद्दाम दरीत घालीन गाडी. मग मिरव किल्ली!" त्याने फोन सीटवर आपटला.

मॅरिसोल पाण्याची बाटली घेऊन आली. त्याने घेतली नाही.

"तुम्ही उतरत होतात तेव्हा आवाज ऐकला मी," ती म्हणाली. "गिअर खालचाच होता. बरोबर होता. मग ब्रेक एवढा तापला कसा?"

"तुझं काम कर जा!"

ती हलली नाही. अशा बाईचा भयंकर राग येतो. व्हर्जिलने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"पाय निघेना ब्रेकवरून," तो समोर बघत म्हणाला. "वळणं सगळी पाठ आहेत. पण दरीच दिसत राहिली. इतकी वर्षं कधी दिसली नव्हती. भीती वाटली मला. झालं समाधान?"

अर्धा तास भरेपर्यंत मॅरिसोल रांगेतल्या गाड्या तपासत राहिली. मग तिने वाकून पुन्हा तापमान घेतलं.

"एकशे तीस. सुटलात. जा सावकाश."

खाली अजून निम्मा घाट होता. व्हर्जिल उतरला, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला.

"बघतेस काय?" तो खेकसला. "माझ्या पोरीचा नंबर लिहून घे. म्हणावं, गाडी न्यायला ये."