माणशी पाच दिवस

बिस्किटांचे पुडे बाराच भरले. वहीत अठरा होते.

काकांनी सगळे पुडे पुन्हा खाली काढले, फरशीवर सहा-सहाच्या ओळी लावल्या आणि बोट ठेवून मोजले. बाराच. बत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळाचं भांडार सांभाळलं होतं. एखाद-दुसरा नग इकडेतिकडे झाला असेल, पण एकदम सहाचा फरक कधी आला नव्हता.

रेडिओवर सकाळपासून तेच चाललं होतं. संध्याकाळी वादळ धडकणार, नदीवरचा पूल दुपारी दोनला बंद होणार. अशा दिवसासाठीच तर ही खोली होती. स्वयंपाकघरामागची, बिनखिडकीची, दोन माणसं धड उभी राहणार नाहीत एवढी. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं : तीन माणसं, माणशी पाच दिवस. दर महिन्याच्या एक तारखेला काका सगळं मोजत, जुनं पुढे ओढत, नवं मागे सारत आणि खाली सही करत. ती सही तपासणारं कोणी नव्हतं, तरी करत.

सीलबंद डबे पंधराऐवजी दहा. मेणबत्त्या बाराऐवजी आठ. काडेपेट्या सहाऐवजी चार.

"उंदीर काडेपेट्या नेतात का गं?" त्यांनी हाक मारून विचारलं.

मुलगी बाहेरच्या खोलीत खिडकीच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होती. वादळामुळे तिच्या शाळेला सुट्टी होती. मनगटात पट्टीचं रीळ तसंच अडकवून ती आत आली.

"उंदीर?"

"मग कोण? घरात आपण तिघंच."

तिने वही हातात घेतली. एकदा पान बघितलं, एकदा फळ्या बघितल्या.

"बाबा, हे चोरीला गेलेलं नाही. चोर काही तीनने भागून नेत नाही."

काकांना काही कळेना.

"प्रत्येक गोष्टीतला बरोब्बर तिसरा हिस्सा गेलाय," ती म्हणाली. "फक्त पाणी सोडून. पंचेचाळीस बाटल्यांतल्या चारच गेल्यात."

"मग पाणी का नाही नेलं?"

"जड असतं ना."

तेवढ्यात आतल्या खोलीतून काकू बाहेर आल्या. बाहेर जायचे कपडे, पायात बूट, खांद्याला फुगलेली प्रवासी पिशवी.

"मी ताईकडे निघालेय," त्या म्हणाल्या. "एकच्या बसने. पूल बंद व्हायच्या आत पोचेन."

काका फरशीवर बसले होते तसेच बसून राहिले. "अगं, वादळात माणसं घरी येतात. घरातून जातं का कोणी?"

"तिला इकडे आणता येत नाही. चाकांची खुर्ची तीन जिने कोण चढवणार? आणि तिला सांभाळणारी बाई कालच घरी गेली. तिलाही तिची पोरं आहेत."

"मग मला सांगायचंस. मी बघितलं असतं."

"कशात बघितलं असतं? ताई तुमच्या वहीत कुठे आहे?"

काकांनी मुलीच्या हातातली वही घेऊन पानं उलटली. टॉर्चचे सेल होते. रबरी हातमोजे होते. दाराशी येणाऱ्या मांजराचं खाणंसुद्धा शेवटच्या पानावर होतं, पाच दिवसांचं. ताई नव्हत्या. काकांनी थोरल्या मेहुणीला मुद्दाम वगळलं नव्हतं. त्यांनाही वहीत धरायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं हेही आता सांगता येईना.

"म्हणून माझं मी काढून घेतलं," काकू म्हणाल्या. "तिच्या नावाने काही नेलं नाही. हवं तर मोजून बघा."

"मोजलं. पण मग एकीच्या वाट्यात दोघी?"

"पुरवू."

त्या जिना उतरायला लागल्या. पिशवी प्रत्येक पायरीला कठड्याला आपटत होती.

भांडारात चिठ्ठीशिवाय एक सुईसुद्धा कोणाला मिळत नसे. इथे तर चिठ्ठीच नव्हती, आणि तरी जे गेलं होतं त्यात एक नग इकडचा तिकडे नव्हता. काका रागवायला बघत होते आणि नेमकं कशावर रागवायचं ते सापडत नव्हतं. मग ते एकदम पुटपुटले, "पाणी. पंधरातल्या चार नेल्या. राहिल्या अकरा." उठले. दोन कापडी पिशव्या काढल्या. एकीत सहा बाटल्या भरल्या, दुसरीत पाच.

"मी नुसता पोचवून येतो," ते मुलीला म्हणाले.

"बरं. चपला घाला."

"तू एकटी..."

"मी काही लहान नाही, बाबा. आणि माझा वाटा आहे की माझ्याकडे."

थांब्यावर बस उभीच होती. वाऱ्याने रस्त्यावरचा कचरा एका दिशेला पळत होता. रांग भराभर आत सरकत होती आणि काकू केव्हाच चढून दारालगतच्या आसनावर बसल्या होत्या. काकांनी पुढच्या दारातून हात लांब करून एक पिशवी त्यांच्यापाशी ठेवली.

"हे काय?"

"तुझ्या वाट्याचं पाणी. राहिलं होतं."

काकूंनी बाटल्यांकडे बघितलं. काकांकडे बघितलं नाही. त्या खिडकीकडे सरकल्या आणि शेजारच्या आसनावरची आपली प्रवासी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

जागा रिकामी झाली. बाटल्यांच्या दुसऱ्या पिशवीसाठी की आणखी कशासाठी, ते काकांना समजेना. त्यांचा एक पाय पायरीवर होता, एक रस्त्यावर. उरलेल्या पाच बाटल्यांच्या पिशवीने बोटं काचत होती. त्यांनी वळून आपल्या इमारतीकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावर मुलगी काचेवर शेवटची पट्टी ओढत होती.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी त्यांच्या खांद्याला हलकंच बोट लावलं.

"काका, चढताय की उतरताय?"