सात पंचविसाचा आवाज

शेवटचा स्क्रू आवळून गौतमीने झाकण बसवले. आईने, पार्वतीबाईंनी, ते यंत्र तळहातावर घेऊन जोखले.

"मसाल्याचा डबा हाय का काय ह्यो? ह्यात माझी मालिका मावंल व्हय?"

"वर्षभराची मावंल. लाइट गेली तरी बॅटरीवर चालत राहील. झिरोच्या बल्बाएवढीच वीज खातंय."

"आन् आवाज?"

"अजिबात न्हाई."

पार्वतीबाईंनी यंत्र खाली ठेवले. खुर्चीत बसलेल्या वडिलांनी, ज्ञानदेवांनी, वर्तमानपत्राचे पान उलटले.

जुना संगणक अजून टीव्हीखालीच होता. गौतमीच्या थोरल्या भावाने, विनोदने, तो जोडला होता. शिक्रापूरच्या त्याच्या कारखान्याने भंगारात काढलेली लोखंडी पेटी, आत टीव्हीचे कार्ड, आणि छपरावरच्या छत्रीतून आत आलेली वायर. कंपनीची बस विनोदला सात चाळीसला शिरूरच्या नाक्यावर सोडी. आईची मालिका साडेसातला लागे, आणि मुलाला गरम भाकरी मिळावी म्हणून ती मालिका सोडून उठे. म्हणून त्याने संगणकाला वेळ लावून दिली. सात पंचविसाला तो आपोआप जागा होई आणि मालिका साठवून ठेवी. जागा होताना त्याचा पंखा घरघरू लागे. ती घरघर म्हणजे तवा ठेवायची खूण ठरली. जेवणे उरकली की मायलेक मालिका बघत आणि तिच्यातल्या सासूला नावे ठेवत.

मागच्या डिसेंबरात हमरस्त्यावर त्या बसला ट्रकने धडक दिली. विनोद घरी आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, रुग्णवाहिकेतून.

संगणकाला हे कुणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी घरात माणसे दाटलेली असताना, सात पंचविसाला, पंखा घरघरला. पार्वतीबाई उठल्या, माणसांतून वाट काढत आत गेल्या आणि त्यांनी तवा ठेवला. कुणी त्यांना अडवले नाही. त्यानंतर अकरा महिने रोज हेच घडत होते. रोज एक भाकरी जास्त होई. सकाळी ती दारातल्या कुत्र्याला जाई.

ज्ञानदेव एकतीस वर्षे एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. शेवटची गाडी फाटकातून आत आल्याशिवाय त्यांनी कधी केबिन सोडली नाही. चालक थट्टा करत, "आप्पा, घरी जावा की. गाडी काय माहेरी पळून जाती व्हय?" आप्पा हसत आणि फाटकाकडे बघत बसत. विनोद गेल्यापासून ते फारसे बोलत नव्हते. पुण्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारी गौतमी सुट्टीला आली, तेव्हा मात्र त्यांनी तिला अंगणात बोलावले होते.

"ती पेटी बदल. बिनआवाजाची कर. तुझी आई अजून त्याची वाट बघती. मला बघवत न्हाई."

पेटी नुसती बंद करणे सोपे होते. पण विनोदने चालू केलेली गोष्ट बंद करायचा धीर तिघांपैकी कुणालाच नव्हता. बदलणे तेवढे जमण्यासारखे होते. गौतमीने पुण्याला परतून तीन आठवडे त्यावर घालवले. फिरणारी डिस्क नको, म्हणून दुसऱ्या प्रकारची बसवली. पंखा नको, म्हणून उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावला. एकेक आवाज तिने शोधला आणि काढून टाकला. विनोदच्या हयातीत साठलेले सगळे भाग मात्र तिने घरी आल्यावर जसेच्या तसे नव्या यंत्रात उतरवून घेतले.

आता सव्वासात झाले होते. तिने जुन्या पेटीची वायर काढली, नव्या यंत्राची जोडली. तिघेही टीव्हीसमोर बसले.

सात पंचविसाला यंत्रावरचा निळा दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. दुसरे काहीच झाले नाही. पार्वतीबाई जागच्या हलल्या नाहीत. साडेसातला मालिका सुरू झाली आणि त्या ती पाहू लागल्या, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच वेळेवर. गौतमीला हायसे वाटले. जमले, हे डोळ्यांनीच सांगावे म्हणून तिने वडिलांकडे पाहिले.

ज्ञानदेवांचे वर्तमानपत्र मांडीवर मिटलेले होते. ते दाराकडे पाहत होते. मान किंचित पुढे काढलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. भिंतीवरच्या घड्याळात सात चाळीस झाले. मग पंचेचाळीस. बाहेर एखाद्या गाडीचा आवाज जवळ येई, तेव्हा ते अर्धवट उठत. गाडी पुढे निघून गेली की पुन्हा टेकत. खोलीत आणखी कुणी आहे याचे त्यांना भान नव्हते.

"आप्पा," गौतमीने हाक मारली. त्यांना ती ऐकू गेली नाही.

पार्वतीबाईंची नजर टीव्हीवरच होती. पदराचे टोक त्यांनी मुठीत घट्ट धरले होते. लेकीकडे न बघता, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू त्या म्हणाल्या,

"रोज असंच बसत्यात. पोरगं यायचं न्हाई, ते मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. ह्यांच्याकडं बघवत न्हाई, म्हणून मी त्या आवाजाला उठून आत जायची. ह्या डब्याला पंखा बसव, बाई."